वीस वाव दोरी

“चाळीस!” आबा पुढे नाळेवरून ओरडले.

मी मागे सुकाणूपाशी होते. तांडेलानं आकडा सांगितला की तो आकडा. मी मान डोलावली, बोट जराशी मागे रेटून नांगर ताणून बघितला, इंजिन बंद केलं आणि चहाचं आधण ठेवायला खाली गेले. एवढ्यातच मी केवढा मूर्खपणा करून बसले होते हे कळायला मला पुढे अडीच तास लागले.

गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. जुलैचा शेवटचा आठवडा, देश क्रोएशिया, समुद्र अ‍ॅड्रियाटिक. बेटाचं नाव सांगत नाही, सांगून उपयोग नाही. आपल्या जिभेला ते वळत नाही, मला वळायला दोन वर्षं लागली. मी तेव्हा तिथल्या एका कंपनीच्या शिडाच्या बोटी पर्यटकांना घेऊन फिरवायची. सर्जेकोटच्या गाबिताची, मासेमाराची मुलगी तिथवर कशी पोचली ही वेगळी रामकहाणी आहे. ती सांगायला बसले तर ही राहून जाईल.

आबा म्हणजे माझे वडील, आत्माराम खवणेकर. पस्तीस वर्षं तांडेल. होडीवर तांडेल म्हणजे मालक, बाप आणि न्यायाधीश, तिन्ही एकच. पर्यटकांच्या दोन गटांच्या मध्ये माझी बोट दहा दिवस रिकामी होती, म्हणून मी त्यांना बोलावून घेतलं. “आबा, माझो दर्या बघूक येवा,” असं मी फोनवर म्हणाले. खरं कारण दर्या नव्हता. खरं कारण माझा धाकटा भाऊ उल्हास.

त्याच्याही दोन वर्षं आधी भर दुपारी, स्वच्छ उन्हात, आमची होडी बंदराच्या तोंडाशी खडकावर गेली. सुकाणू आबांच्या हातात होतं आणि नाळेवर, म्हणजे होडीच्या अगदी पुढच्या टोकावर, नजर ठेवायला उल्हास उभा होता. होडी फुटली. सखाराम मेस्त नावाच्या आमच्या खलाशाचा पाय दोन ठिकाणी मोडला. सगळा गाव, सुट्टीवर आलेली मी धरून, किनाऱ्यावर जमला तेव्हा उल्हास सगळ्यांसमोर म्हणाला, “चूक माझी. माझा लक्ष नव्हता.” आबा एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवसापासून ते उल्हासशीही बोलले नाहीत. गावात त्याला कोणी होडीवर घेईना. तो वास्कोला जाऊन दुसऱ्याच्या ट्रॉलरवर राबू लागला.

आता तीन घरांनी मिळून नवी होडी बांधली होती. नारळीपौर्णिमेला ती पाण्यात उतरायची होती. आबांनी “माझा वय झाला” म्हणून सुकाणू सोडलं होतं. बासष्ट हे काय वय आहे, पण म्हणाले खरे. नवा तांडेल ठरवायला त्याच दिवशी रात्री नऊला गावच्या देवळात बैठक होती आणि बैठकीत आबांचा शब्द चालणार होता. सकाळीच आईचा फोन आला होता.

“बाय, आजच्या आज विचार त्यांका. हो म्हणाले तर झील घराक येतलो. नायतर तो त्या वास्कोवाल्याक वर्साचो शब्द देता. वर्स गेला की पोरगो गेलोच समज.”

झील म्हणजे मुलगा, उल्हास. गावचे नऊ म्हणजे माझ्याकडचे संध्याकाळचे साडेपाच. आठ दिवस मी नुसती संधी शोधत होते. उल्हासचं नाव ओठावर आलं की मी आबांना चहा विचारायची. एरवी माझ्या नाकावर राग असतो, पण आबांपुढे मी अजून शाळेतली पोर.

आणि आता त्या चाळीसचं सांगते.

आमच्या बोटीचा नांगर साखळीला होता. साखळी विजेच्या रहाटावरून सुटते. बटण दाबलं की खडखडत पाण्यात जाते. दर दहा मीटरवर तिला रंगाचा पट्टा असतो. लाल, पिवळा, निळा, पांढरा. पांढरा दिसला की चाळीस. पाणी सहा मीटर खोल असेल तर चाळीस मीटर साखळी सोडायची, कारण साखळी तळावर आडवी पडली तरच नांगर रुततो. आखूड सोडली तर वारा आल्यावर बोट नांगराला वर उचलते आणि तो जमीन सोडतो. आबांना हे शिकवायची गरजच नव्हती. फक्त त्यांची पद्धत निराळी. घरी ते नांगराची दोरी हातानं सोडत, दोन्ही हात पसरून मोजत. पसरलेल्या दोन हातांचं अंतर म्हणजे एक वाव. इथे मी त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “साखळेक हात लावूचो नाय हां आबा, बोटां जातली.” त्यांनी हात मागे घेतले आणि मुकाट्यानं बटण हातात घेतलं.

माझी रोजची सवय म्हणजे नांगर टाकला की पोहण्याचा चष्मा लावून पाण्यात उडी मारायची आणि तो नीट रुतलाय का ते बघून यायचं. पाणी काचेसारखं असतं तिथे. त्या दिवशी मी उडी मारली नाही. मारली असती तर आबांच्या आकड्यावर संशय घेतल्यासारखं झालं असतं. आमच्याकडे तांडेलाचा आकडा दुसऱ्यानं मोजायचा नसतो. मोजणारा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या होडीवर काम शोधतो.

जागा छान होती. तिन्ही बाजूंनी टेकड्या, उत्तरेकडची सगळ्यात उंच, तिच्यावर पाइनची झाडी. फक्त दक्षिणेकडे समुद्राला तोंड. आमच्या मागे थोड्या अंतरावर एका जर्मन नवराबायकोची निळी बोट नांगरून होती. बाई कपडे वाळत घालत होती, म्हातारा टोपी तोंडावर घेऊन पडला होता. त्यांच्या मागे, दक्षिणेच्या तोंडाशी, पाण्यात घुसलेला खडकाळ किनारा. जोराचा वारा येणार असल्याचा अंदाज होता, पण तो दुसऱ्या दिवशी पहाटेचा.

जेवायला मी माशाचं सार केलं होतं, आईनं पाठवलेली सोलं घालून. आबांनी ताटात बोटांनी चाचपून काटा बाजूला काढला. घास घेतला, थांबले.

“भरती कधी हा?” त्यांनी विचारलं.

“हयसर भरती येणा नाय आबा. आठ दिस सांगतंय. आली तरी वीतभर.”

“भरती नाय तो दर्या कसलो?” ते म्हणाले. “तळ्यात बसल्यासारख्या वाटता.”

“तळा तर तळा. निवांत जेवा. आबा, आवशीचो फोन इलो होतो.”

“बरी आसा मा?”

“बरी आसा. आज बैठक हा देवळात.”

“म्हायत हा माका.” त्यांनी ताट सरकवलं आणि उठले. “ह्या बोटीत काय तरी वाजता.”

“काय वाजणा नाय. बसा तुमी.”

ते बसले नाहीत. आठ दिवसांत ते बोटीवर हिंडले असे नव्हतेच. जिथे बसवीन तिथे बसायचे, काळा चष्मा लावून. मला वाटायचं, परकी बोट, परका देश, माणूस बुजलंय. आज मात्र त्यांना चैन पडेना. कठड्याला धरून पुढे गेले. मागे आले. पुन्हा पुढे. चपला काढून टाकल्या, अनवाणी पाय फळीवर रोवून उभे राहिले आणि मान वाकडी करून काहीतरी ऐकत राहिले. घड्याळात दोन वाजून गेले होते. माझा जीव टांगणीला. एकदा वाटलं, सरळ तोंड उघडावं. मग वाटलं, चहा झाल्यावर. चहा झाला. मग वाटलं, जरा पडून उठल्यावर. ते पडतील तर ना!

“बाय,” ते म्हणाले, “नांगर सरकता.”

मी किनाऱ्याकडे बघितलं. टेकडीवरचं चर्च आणि त्याखालचं एक वाळकं झाड नांगर टाकला तेव्हा एका रेषेत होतं. आता झाड बोटभर बाजूला दिसत होतं.

“बोट झुलता आबा. नांगर खंय सरकता? वारोच नाय.”

“आणखी साखळी सोड.”

“कित्याक? चाळीस हा ना खाली? पाणी सहा मीटर. आणखी सोडली तर आपण त्या जर्मनाच्या अंगार जातलू.”

“मी सांगतंय, सोड.”

“अहो पण कारण काय? तुमीच चाळीस म्हणालास!”

आबा गप्प बसले. असा गप्प बसलेला माणूस मी त्याआधी एकदाच बघितला होता, सर्जेकोटच्या किनाऱ्यावर, फुटलेल्या होडीशेजारी. काय झालं मला कोण जाणे, सकाळपासून कोंडलेलं सगळं तोंडातून बाहेर पडलं.

“तुमी नेहमी असाच करतास. एक शब्द बोलायचा नाय नि दुसऱ्यानं सगळा समजून घ्यायचा. उल्हासशीपण असाच केलास! चूक झाली त्याची, मान्य. पण दोन वर्सा बापान बोलू नये? आज नवाक बैठक. तुमी हो म्हणालास तर तो घराक येतलो. तांडेल नको करू त्याका, खलाशी तरी करा! नायतर सरळ सांगा आवशीक, झील मेलो म्हणान.”

“त्याचा नाव काढू नको.”

“काढतलंय! माझो भाव तो!”

“बाय, साखळी सोड,” आबा म्हणाले. आवाज घोगरा झाला होता. “तुझ्या पाया पडतंय, पण साखळी सोड.”

तांडेल आत्माराम खवणेकर पोरीला पाया पडतंय म्हणतात! मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आणि तेवढ्यात वरच्या पाइनच्या झाडीतून एक लांबलचक सूं असा आवाज खाली आला.

आपल्याकडे वादळ सांगून येतं. ढग येतात, काळोख होतो, समुद्र रंग बदलतो. तिथला बोरा नावाचा वारा तसं काही करत नाही. आकाश निळंशार, ऊन लख्ख, आणि तो डोंगरावरून थेट डोक्यात पडतो. समुद्राकडून नव्हे, जमिनीकडून. पहिला झोत आला तेव्हा जर्मन बाईचे वाळत घातलेले कपडे उडून पाण्यात गेले. दुसऱ्या झोतात आमची बोट एकदम आडवी झाली, खालची भांडी धडाधड पडली आणि मला पायाखाली ती थरथर जाणवली, जी आबांना अर्ध्या तासापूर्वीच जाणवली होती. नांगर तळावरून खरडत येत होता.

मी झेप घेऊन इंजिन सुरू केलं. मागे बघितलं. निळी बोट केवढीतरी जवळ आली होती. जर्मन म्हातारा टोपीशिवाय उभा राहून दोन्ही हात हलवत ओरडत होता. तिच्या पलीकडे खडकांवर पांढरा फेस उडायला लागला होता. खडकांकडे दोन्ही बोटी जाणार होत्या, आधी आमची त्यांच्या बोटीवर आदळून.

“आबा, नाळेवर जावा! मी बोट पुढे घेतंय. साखळी किती भायेर हा बघा नि सांगा!”

ते गेले. कठडा धरून, पाय घासत, पण गेले. मी इंजिनाचा जोर वाढवून वाऱ्याच्या तोंडावर बोट धरली. वारा इतका की डोळे उघडवेनात.

“कुठलो रंग दिसता?”

मी आणखी मोठ्यानं ओरडले.

“आबा! पट्टो कुठलो? पांढरो काय निळो?”

ते नाळेवर गुडघे टेकून बसले होते, साखळीवर वाकून, तोंड जवळजवळ तिला टेकवून.

“सांगा ना! पांढरो काय?”

“दिसणा नाय!” ते ओरडले.

“पाणी उडता म्हणान? तोंड पुसा नि बघा!”

“नाय गो!” आबा माझ्याकडे वळले. काळा चष्मा कुठेतरी उडून गेला होता आणि त्यांचे डोळे माझ्याकडे होते, पण माझ्यावर नव्हते. माझ्या बाजूला कुठेतरी हातभर लांब होते. “माका दिसणाच नाय! चार वर्सा झाली! रंग दिसले नाय, मी अंदाजान चाळीस सांगलंय! वीस पण नसतली खाली!”

क्षणभर मला ना वारा ऐकू आला ना जर्मन म्हातारा. ताटात चाचपणारी बोटं, एका जागी बसून राहणं, चहाचा कप हातात दिल्याशिवाय न घेणं, सगळं आठ दिवस माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी गाढवीण त्याला बुजरेपणा समजत होते.

“रडत बसू नको!” आबांचा आवाज आला, पहिल्यासारखा, तांडेलाचा. “पाणी किती हा?”

मी खोली दाखवणाऱ्या यंत्रावर बघितलं. “सहा मीटर!”

“म्हणजे तीन वाव नि थोडा. दुसरो नांगर खंय हा तुझो? दोरीचो?”

“तुमच्या डाव्या हाताक! पेटी हा, तिच्यात! पण आबा, तुमका...”

“दोरी हा मा? मग माका डोळे कित्याक व्हये?”

पेटीचं झाकण त्यांनी हातानंच शोधलं. नांगर काढला, कडी चाचपली, गाठ बोटांनी फिरवून बघितली, एक वेढा सोडून पुन्हा घट्ट केला. मी बोट इंचाइंचानं पुढे रेटत होते. वारा एका क्षणी सोडायचा, बोट पुढे उडी मारायची. दुसऱ्या क्षणी छातीत बुक्का मारल्यासारखा यायचा आणि आम्ही जागच्या जागी. जुन्या नांगराच्या बरंच पुढे गेल्यावर मी ओरडले, “आता!”

आबांनी दुसरा नांगर फेकला नाही. हळूच सोडला, मूल पाळण्यात ठेवतात तसा. तळाला लागल्याचं त्यांना हाताला कळलं असणार, कारण त्यांनी लगेच हात वर केला. मी इंजिनाचा जोर कमी केला. बोट वाऱ्याबरोबर मागे निघाली. आणि आबा उभे राहिले, पाय फाकवून कठड्याला टेकवले, दोन्ही हात पसरले आणि मोजू लागले.

“एक! दोन! तीन!”

दर वावेला दोरी त्यांच्या छातीवरून सरकत होती. सदरा वाऱ्यानं फुगला होता. मी मागे बघत होते, निळी बोट जवळ येतेय, आणखी जवळ येतेय, आणि पुढून तो आवाज येतोय, घाई नाही, कमी-जास्त नाही.

“अकरा! बारा!”

“आबा, मागे जागा नाय!”

“गप ऱ्हव! चवदा! पंदरा!”

जर्मन म्हाताऱ्यानं लांब काठी हातात घेतली होती, आम्हाला ढकलायला. बाई तोंडावर हात ठेवून उभी.

“अठरा! एकोणीस! वीस!”

वीसला त्यांनी दोरी खुंट्यावर घेतली, दोन वेढे, तिसरा उलटा. दोरी ताणली. तिच्यातून पाणी टपटप गळलं. बोट थबकली, नाक वाऱ्याकडे वळलं आणि ती तशीच उभी राहिली. काठीचं टोक आमच्या मागच्या कठड्यापासून दोन हातांवर होतं.

“आता साखळीचा बटण दाबतंय,” आबा म्हणाले. “वाजूचा थांबला की समज सगळी गेली. ह्या येळाक मोजूक नको.”

साखळी सगळी गेली. मग त्यांनी दोरीवर तळवा ठेवला आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. सरकता नांगर दोरीतून गुरगुरतो, रुतलेला गप्प असतो, हे लहानपणी त्यांनीच मला शिकवलं होतं.

“धरल्यान,” ते म्हणाले.

मी इंजिन चालू ठेवलं, सुकाणू बांधलं आणि पुढे जाऊन त्यांच्याजवळ धपकन बसले. वारा ओरडतच होता, पण खाडीत मोठी लाट नव्हती आणि बोट हलत नव्हती. मला त्यांना मिठी मारायची होती आणि दोन कानाखाली वाजवाव्यात असंही वाटत होतं. बापाच्या वाजवता येत नाहीत, म्हणून मी रडायला लागले.

“डॉक्टराक दाखवलास?”

“कुडाळाक दाखवलंय. काचबिंदू म्हणता. गेला ता परत येणा नाय म्हणालो. समोरचा जरासा दिसता, धुरकट. बाजूक काळोख.”

“आवशीक म्हायत हा?”

“नाय. तिका काय, कोणाकच नाय.” त्यांनी दोरीवरचा हात काढला नाही. “कोणाकच नाय असा नाय. एकाक म्हायत हा.”

“कोणाक?”

“उल्हासाक.”

मी रडायची थांबले.

“पहिल्या वर्सातच कळला त्याका,” आबा म्हणाले. “काय बोलाक नाय. दुसऱ्या दिसापासून आपणहून नाळेवर उभो ऱ्हवाक लागलो. हातान खुणा करी तर माका दिसले नसते, म्हणान गाणी म्हणी. डावीकडे होडी दिसली की एक गाणा, उजवीकडे जाळी असली की दुसरा. खलाशांक वाटायचा पोरगो खुशीत हा. दोन वर्सा त्या पोराच्या गळ्यावर मी होडी हाकलंय. कोणाक पत्तो लागाक दिलो नाय त्येना. आंधळ्या तांडेलाच्या होडीवर कोण चढतलो, सांग?”

“मग त्या दिवशी?”

“त्या दिवशी तो गायलो. मी वळाक नाय. मग सरळ ओरडलो, आबा, उजवीकडे घेवा, खडक हा! होडीर आमी तिघाच, सखाराम बाजूक उभो. तो हसलो, म्हणालो, तांडेला, झील शिकवता काय आता तुका? माझ्या डोक्यात गेला. मी म्हटलंय, गप रे, माका ह्या बंदर पाठ आसा. नि तसोच गेलंय.”

वाऱ्याचा एक झोत आला, आम्ही दोघांनी कठडा धरला, तो गेला.

“सखारामाचो पाय मोडलो नि शुद्ध गेली, आधीचा काय त्याका आठवलाच नाय. उल्हास पाण्यात माका धरून ऱ्हवलेलो. माझ्या कानात म्हणालो, तुमी काय बोलू नको. किनाऱ्यार येवन सगळ्यांसमोर आपल्या डोक्यार घेतल्यान. नि मी घेवक दिलंय. मी गप ऱ्हवलंय, बाय.”

“आणि मग त्याच्याशी बोलणं पण सोडलंत?” मी रागानं इतकी भरले होते की मालवणी सुटून गेली.

“कसा बोलू? तो समोर इलो की माका माझा तोंड दिसायचा. आंधळो झालंय तरी ता दिसायचा.” आबांनी नाक ओढलं. “तो घराक इलो असतो तर रोज दिसला असता.”

म्हणजे दोन वर्षं ज्याला आम्ही राग समजत होतो तो राग नव्हताच. आई देवाला नवस बोलत होती, मी विमानाचं तिकीट काढून माणसाला सात समुद्र ओलांडून मन वळवायला आणलं होतं, आणि वळवायचं असं काही मनच नव्हतं तिथे. नुसती लाज होती.

“किती वाजले?” आबांनी विचारलं.

“साडेचार. तिकडे आठ.”

“त्याका फोन लाव.”

मी लावला. घाईत दोनदा चुकीचं नाव दाबलं. मासेमारीची बंदी उठायला चार दिवस होते, त्यामुळे उल्हास वास्कोच्या धक्क्यावरच असणार, जाळी शिवत. तिसऱ्या घंटेला त्यानं उचलला.

“काय गो ताई? कसलो वारो आवाज करता?”

“आबांका बोलूचा हा,” मी म्हणाले आणि फोन स्पीकरवर टाकून त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो तोंडासमोर धरला, तळहातावर, आरती धरतात तसा. दोन वर्षांनी बापाचा फोन आल्यावर काय बोलायचं असतं, ते त्या पोराला तरी कुठे ठाऊक होतं.

“उल्हास,” आबा म्हणाले. समुद्रावर एका होडीवरून दुसऱ्या होडीला हाक मारतात त्या आवाजात. “होडी मी घातलंय खडकार. तू माका सांगलंस, मी ऐकाक नाय. माका दिसणा नव्हता.”

“आबा!” उल्हास घाबरून कुजबुजला. “हळू बोला. हयसर गावचे पाच जण बसलेहत माझ्या बाजूक. सखारामाचो भाव हा. ऐकतीत सगळे.”

“सखारामाचो भाव हा?”

“हा. म्हणानच सांगतंय, हळू...”

“मग आवाज मोटो कर फोनाचो.”

“आबा, नको.”

“मोटो कर. तांडेल सांगता.”

खरखर झाली. मग धक्क्यावरचे आवाज एकदम मोकळे ऐकू आले, कोणाचं तरी खोकणं, कुठेतरी लागलेला रेडिओ. आबांनी घसा साफ केला.

“मी आत्माराम खवणेकर बोलतंय,” ते म्हणाले. “चार वर्सा माका डोळ्यांनी दिसणा नाय. ह्या पोरान सगळी पापां आपल्या डोक्यार घेतल्यान. सखारामाचो पाय माझ्या हातान मोडलो. त्याका सांगा, मी घराक इलंय की आधी त्याच्या दारात येतलंय. आणि नऊ वाजता देवळात बैठक हा, तिथे कोणी तरी फोन करा नि ह्या सगळा सांगा. माझो शब्द उल्हासाक.”

रेडिओ कोणीतरी बंद केला. मग उल्हासचा आवाज आला, फुटलेला.

“कित्याक सांगलास आबा? आता तुमका कोण दर्यार घेतलो?”

“तू,” आबा म्हणाले.

पलीकडे उल्हास लहान मुलासारखा हुंदके देऊन रडत होता आणि कोणीतरी त्याला “गप रे, गप” म्हणत होतं. आबा ऐकत राहिले. मग त्यांनी फोनच्या काचेवरून दोन-तीनदा अंगठा फिरवला, बटण कुठे आहे ते सापडेना, आणि तो माझ्यापुढे केला.

“बंद कर गो ह्यो,” ते म्हणाले, “माका दिसणा नाय.”